लिनोचं दिल्लीचं स्पिरिट

लिनोच्या तोंडाला आयुष्यात दारूचा थेंब लागला नाही, आणि घर चालतं ते स्पिरिटवर. देवानं थट्टेला माणूस बरा निवडला! मानपाड्याला त्याचा लाकडाच्या पॉलिशचा छोटा कारखाना. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, गाळायची, डबे भरायचे. हे स्पिरिट मुद्दाम विषारी केलेलं असतं, कुणी पिऊ नये म्हणून.

बाप दारू पिऊन पिऊन गेला, तेव्हा आईनं येशूच्या तसबिरीसमोर लिनोकडून वचन घेतलं होतं, दारूच्या धंद्यात पाय ठेवायचा नाही. त्यामुळे कारखाना टाकताना लिनोचं मन त्याला खाऊ लागलं. शेजारच्या आनंद वकिलांनी, ठाण्याच्या कोर्टात जन्म घालवलेल्या सद्गृहस्थांनी, त्याची सुटका केली.

"अरे, पिण्याच्या दारूचा कायदा राज्य सरकार करतं. कारखान्याचं अल्कोहोल दिल्लीच्या ताब्यात. सुप्रीम कोर्टाचा निकालच आहे. तुझं स्पिरिट म्हणजे दारू नव्हेच."

त्या वाक्याच्या आधारावर लिनो निवांत झोपू लागला. पुढे आई गेली, पण वचन काही गेलं नाही.

मग दोन हजार चोवीसच्या ऑक्टोबरात नऊ न्यायाधीशांच्या पीठानं तो जुना निकाल फिरवला. वकील पडलेल्या चेहऱ्यानं घरी आले.

"लिनो, घोळ झाला रे. राज्यघटनेतल्या मादक मद्यात कारखान्याचं अल्कोहोलही धरलंय. त्यावर कायदा आता राज्याचा."

"म्हणजे मी इतकी वर्षं दारूच्याच धंद्यात?"

लिनोनं पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. आईला फसवलं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

बायको फेलिशिया बोंबील तळता तळता सगळं ऐकत होती. तिनं गॅस बंद केला.

"अरे, दिल्ली-मुंबई तुझ्या आईला काय कळत होती? शर्टाला स्पिरिट घमघमायचं, ते तिला कळत नव्हतं होय? तू कामावरून आलास की ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात यायची ना, ती तुझ्या तोंडाचा वास घ्यायला. मग आत येऊन मला म्हणायची, वाढ गो, पोर शुद्धीत घरी आलाय. तेव्हा कुठं स्वतः जेवायची."

जन्मभर लिनोला वाटत आलं होतं, आई तांब्या आणते ती आपल्या तहानेसाठी. त्याचे डोळे भरून आले, आणि त्याला फार बरं वाटलं. आई रोज जेवली होती, पोटभर.

त्यानं ताट पुढे ओढलं आणि वकिलांनाही बसवून घेतलं.