वासराचे कान

मोबाइल अजून बटणांचे होते तेव्हाची गोष्ट. परदेशात, बारमाही उकाड्याच्या क्लेमेंटीत आमच्या शेजारी, मुलाकडे राहायला आलेले काका गुरांचे डॉक्टर होते. नोकरी सगळी हिमाचलात झालेली. थंडीत वासराचे कान आधी गोठतात, म्हणून कुणीही भेटलं की ते पहिल्यांदा त्याचा कान चाचपत.

एका सकाळी मी त्यांच्याकडे चहा पीत असताना त्यांच्या जुन्या कंपाउंडरचा फोन आला. बर्फात जन्मलेल्या वासराचे कान लाकडासारखे झाले होते आणि ते दूध ओढत नव्हतं.

मी गाय फक्त दुधाच्या डब्यावर पाहिलेली. तरी म्हणालो, "काका, जोरात चोळायला सांगा!"

"गाढवा, कातडी सोलून निघेल!"

त्यांनी मलाच स्टुलावर बसवलं. फोन खांद्यात धरून, कोमट पाण्यात पिळलेले टॉवेल माझ्या कानांना लावत ते तिकडे एकेक कृती हिंदीत सांगू लागले. मी घामाने निथळत वासरू होऊन बसलो.

बऱ्याच वेळाने फोनमधून आरोळी आली, "साब, पी रहा है!"

काकांनी फोन ठेवला आणि कोरड्या पंच्याने माझे कान हलक्या हाताने टिपायला घेतले.

"काका, झालं की आता. प्यायलं ते."

"हलू नकोस रे बाळा," ते म्हणाले, "ओले राहिले तर परत गोठतील."