डेपोच्या फाटकातला हात

आमच्या गल्लीत कुणाचं काय चाललंय हे कळायच्या दोनच जागा. एक धोबीदादाची इस्त्रीची टपरी, दुसरी भिंगवहिनींचा कॅमेरा. टपरीवर बातमी लवकर मिळे, कॅमेऱ्यात खरी मिळे. माझा ओढा अर्थातच टपरीकडे.

वहिनी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या. मुलाने नवा कॅमेरा घेतला आणि जुना आईच्या गळ्यात मारला. त्याला वाटलं, आई नातवंडांचे फोटो काढेल. आई निघाली रस्त्यावर. दुकान सुटलं की एखादा कोपरा धरायचा आणि तिथंच उभं राहायचं. माणसाच्या मागे जायचं नाही, तो आपणहून चौकटीत येईपर्यंत थांबायचं, हा त्यांचा नेम. म्हणायच्या, "मागे लागलं की माणूस पाठ तरी दाखवतो, नाहीतर सोंग तरी आणतो."

असं थांबून थांबून बाईंनी जग वाचलं. बँकेतून बाहेर पडलेला माणूस आधी आभाळाकडे बघतो. भांडत निघालेलं जोडपंसुद्धा रस्ता ओलांडताना हात धरतं आणि पलीकडे गेलं की सोडतं. मी मुद्दाम उभा राहून खात्री केली. तंतोतंत खरं.

आता यजमानांचं. ते बसचालक. निवृत्त होताना चारचौघांत सांगून बसले, "त्या धुराचं तोंड पुन्हा बघणार नाही." मग घरात मुकेच झाले. विचारलं तर "हं", नाही विचारलं तर तेवढंही नाही. संध्याकाळी मात्र गुळगुळीत दाढी करून बाहेर. कुठे, तर "जरा पाय मोकळे करून येतो."

धोबीदादा म्हणाला, "पाय मोकळे करणारा माणूस कॉलरला खळ लावून घेत नाही."

एवढं पुरे होतं. बघता बघता गल्लीने त्यांना दुसरं बिऱ्हाड थाटून दिलं. काहीजण तिथल्या पडद्यांचा रंगही सांगू लागले.

वहिनींच्या कानावर ते गेलंच. नणंद धावत आली. "वहिनी, एवढं धूड गळ्यात घालून गावभर हिंडतेस. एक दिवस माझ्या भावाच्या मागे जा की."

"आजवर कुणाच्या मागे गेले नाही. नवऱ्यापासून सुरुवात करू?"

"आणि खरंच काही असलं तर?"

वहिनी काच पुसत राहिल्या. "तर तेही कधीतरी समोरून येईल."

असं म्हणायला छाती लागते. पण त्याच आठवड्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली.

पुढे त्यांनी बस डेपोच्या फाटकासमोरचा कोपरा धरला, तो केवळ उतरत्या उन्हासाठी. खांद्यावर शिडी घेऊन चाललेला रंगारी टिपला. घरी फोटो मोठा करून बघतात, तर शिडीच्या दोन पायऱ्यांमधून मागे एक उंचावलेला हात दिसतोय आणि हाताखाली उजळलेला चेहरा आणि खळ लावलेली कॉलर. यजमान रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या बसला वाट दाखवत होते, कुणी न बोलावता, फुकट.

फोटो दाखवून वहिनी नणंदेला एवढंच म्हणाल्या, "हा चेहरा घरी कधी येतच नाही गं."

दुसऱ्या दिवशी त्या त्याच कोपऱ्यावर उघड उभ्या राहिल्या. यजमानांनी पाहिलं आणि हात हवेतच राहिला. बस थांबली. चालकाने खिडकीतून डोकं काढलं. "काका, येऊ की नको?"

काका बायकोकडे बघत होते. तिथूनच म्हणाले, "अगं, बसच्या वाटेत उभी आहेस. मागे सरक."

"किती?"

"अजून. अजून थोडी. बास." मग चालकाला, "हं, येऊ दे."

वहिनींनी तिथून फोटो काढला.

त्या संध्याकाळी दोघं बरोबर परतले. यजमान अखंड बोलत होते, कुठल्याशा क्लचबद्दल. टपरीसमोर रस्ता ओलांडताना त्यांनी हात धरला आणि पलीकडे आल्यावर सोडायचं दोघंही विसरले. धोबीदादाने माझ्याकडे पाहिलं आणि इस्त्रीत कोळसे भरायला घेतले.