साहेबांच्या पोटऱ्या आणि माझ्या

आमच्या पोलाद कारखान्याच्या गावातील कोहका वस्तीतल्या मालिशवाल्याने स्वतःला थेरपिस्ट म्हणवून घेण्यास सुरुवात केली, तेव्हा दोनच बदल केले. मोहरीच्या तेलाच्या बाटलीवरचे लेबल काढले आणि खोलीच्या मधोमध हिरवा पडदा लावला. दारावर पाटी आली : 'हातांच्या उपचाराने खेळाडूंची गती वाढते.'

मी खेळाडू नव्हे, निवृत्त माणूस. सेक्टर दहाच्या मैदानावर दर हिवाळ्यात निवृत्तांची जलद चालण्याची शर्यत होते. मला जिंकायचे नव्हते. एकाच माणसाच्या पुढे जायचे होते : माझ्या जुन्या साहेबांच्या. कारखान्यातल्या रोलिंग मिलच्या पाहणी-फेरीवर मी बावीस वर्षे त्यांच्या एक पाऊल मागे चाललो. तशी रीत होती. साहेब बोट दाखवीत, मी वहीत लिहीत असे.

उपचाराच्या तिसऱ्या दिवशी पोटरीत तेल मुरावे म्हणून मला पालथे ठेवून थेरपिस्ट पडद्यापलीकडे गेला. तिकडून कण्हणे ऐकू आले. आवाज ओळखीचा होता. पूर्वी तो फक्त हुकूम देत असे.

"जोरानं दाब. मले नंबर नाही पायजे. फक्त त्याले मागं ठेवाचं हाये."

"कोणाले, साहेब?"

"होता एक, माझ्या हाताखाली."

"होऊन जाईल. तुमचे पाय आता हरणाचे झाले."

परत येऊन त्याने माझेही हरिण केले.

"पलीकडेही हरिणच झोपलं हाये वाटते," मी म्हणालो.

"काकाजी, त्याहिले तसं बोलाव लागते. तुमाले खरं सांगून राहिलो."

शर्यतीच्या सकाळी पाय खरोखर हलके होते. दोघांचेही. शेवटच्या फेरीत मी साहेबांच्या बरोबरीला आलो. दोरीमागून बायको ओरडली, "सरका ना पुढं! कावून रेंगाळून राहिले?"

तेवढ्यात साहेबांनी मार्गावर पडलेल्या एका रिकाम्या बाटलीकडे बोट दाखवले. माझी मान तिकडे वळली आणि हात वहीसाठी खिशाकडे गेला. मी एक पाऊल मागे पडलो, आणि ते अंतर शेवटपर्यंत काटेकोरपणे राखले.

पहिला आला तो खुर्सीपार वस्तीतला एक जुना ठेक्यावरचा कामगार. त्याच्या पोटरीला कधी कोणाचा हात लागला नव्हता. तो उभा जन्म कामावर पायी गेला होता.

उपचाराने दुसऱ्या दिवशीची ठणक कमी होते, हे मला मान्य आहे. गतीविषयी मी मत देत नाही. थेरपिस्टच्या भिंतीवर आता आमचा फोटो आहे : साहेब पुढे, मी मागे. "दोन्ही पेशंट आपलेच," तो येणाऱ्याला सांगतो. तेवढे खरे आहे.

पुढच्या हिवाळ्यासाठी मी त्याला पोटऱ्या सोडून मान दाबण्यास सांगितले आहे. बोट दिसले की ती वळते.