इंजिन दौंडला, गाडी निमोण्यात

आमच्या वडलांनी घेतलेली गाडी मागून लांब होती. मागचा दरवाजा अर्धा वर उचलायचा, अर्धा खाली पडायचा, आणि खाली पडलेल्या फळीवर पोरं पाय सोडून बसायची. विकणाऱ्यानं स्टेशन वॅगन म्हणून सांगितलं होतं, आम्ही तिला लांबडी म्हणायचो. आमच्या शिरूर तालुक्याला रेल्वे नाही. घरचं कुणी लांबून यायचं झालं तर दौंडला उतरायचं, आणि लांबडी त्यांना निमोण्याला आणायची. धाकटा भाऊ चालवायचा, मी शेजारी बसायचो. थोरला म्हणून ती जागा माझी. गाडी चालवायला मी कधी शिकलो नाही, गरज पडली नाही. धुणंपुसणं आणि पत्रा ठोकून सरळ करणं माझ्याकडं. शाळा तिसरीत सुटली, पण हाताला काम कळायचं.

मूळचं पेट्रोलचं इंजिन कामातून गेलं तेव्हा भावानं कुठून तरी डिझेलचं आणून त्या जागी जोडलं. पुढं वडील गेले आणि वाटणी निघाली. जमीन, विहीर, गुरं, सगळं मिटलं. अडलं ते गाडीपाशी. मी म्हणालो, गाडी वडलांनी माझ्या लग्नात आणली, ती माझी.

"आन् इंजिन? ते म्या बसवलंय," भाऊ म्हणाला.

"मग काढून ने."

पंच हसले. त्यांना वाटलं, रागाचं बोलणं, उद्या जाईल. पण त्यानं साखळीची कप्पी आणली, आढ्याला बांधली, इंजिन उचललं आणि ट्रॉलीत टाकून दौंडच्या खाली भीमेकाठी नेलं. तिथं त्याला सासऱ्याचं रान मिळालेलं. इंजिन पाण्याच्या पंपाला जोडलं. ते निघालं तेव्हा मी अंगणात उभा होतो. थांब म्हणालो नाही. गाडी माझीच होती, हे मी आजही म्हणतो.

लांबडी पत्र्याच्या शेडात चार दगडांवर चढली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. आमचं बोलणं तेव्हापासून बंद. लग्नाकार्यात समोर आलो तर तो मांडवाच्या त्या टोकाला, मी ह्या टोकाला.

दोन वर्षांमागं असाच एका लग्नात तो दिसला. जेवणाच्या पंगतीतून उठताना भिंत धरून उठला. माझ्याहून धाकटा माणूस. मी घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेडातल्या कोंबड्या हाकलल्या. गाडी उभी करायची, मग इंजिन घेऊन त्याला यावंच लागेल, असा माझा हिशेब होता. मागायला मी जाणार नव्हतो.

तळाचा पत्रा पार सडला होता. पाय दिला की खालची जमीन लागायची. सणसवाडीत खोली घेऊन राहणारा एक बिहारी गडी सुट्टीच्या दिवशी वेल्डिंगचं सामान घेऊन यायचा. पत्रा मी कापायचो, तो जोडायचा. दारं उतरवली, गंज खरवडला, पुट्टी भरली, घासली, परत भरली. सीटांत नवा काथ्या घातला. बंपर राखेनं घासून तोंड दिसेल असा केला. रंग मूळचाच दिला, फिकट निळा. गाडी आतून-बाहेरून तयार झाली. नुसतं बॉनेट उघडलं की खाली भुई दिसायची.

"बाबा, बॉडी तो दुल्हन बन गई. इंजन किधर है?"

"दौंडला."

"तो मंगवा लो."

"येतंय," मी म्हणालो. पुढं पुढं त्यानं विचारायचं सोडलं.

बायको मात्र सोडत नव्हती. "भंगारातनं दुसरं आणा की. इंजिनाचं काय कूळ बघायचंय?"

"ह्या गाडीचं इंजिन त्येच."

"मग जावा आन् मागा."

"मी थोरला हाय."

"व्हय, थोरलं हाय. बसा मग त्या गाडीत थोरलं हून. म्या चहा तिथंच आणून देते."

आमचा भाचा, बहिणीचा मुलगा, दोन्ही घरी जायचा. त्यानं भावाला सांगितलं, थोरल्या मामानं लांबडी नवी केली. तिकडून निरोप आला, "दादाला म्हणावं, इंजिन हाय. येऊन मागावं."

मी म्हणालो, "त्याला म्हणावं, गाडी हाय. येऊन बसवावं."

"मामा, मी काय पोस्टमन हाय का?" भाचा म्हणाला. तरी दोनचार वेळा त्यानं हेच निरोप इकडचे तिकडं केले. शब्द बदलला नाही. ना भावाचा, ना माझा.

मग एका दुपारी भाच्याचा फोन आला. धाकट्या मामाला झटका आला, उजवं अंग गेलं, बोलता येत नाही.

मी एसटीनं गेलो. तोवर भाऊ दवाखान्यातून घरी आला होता, खाटेवर होता. डोळे उघडे होते. मला बघितलं आणि मान भिंतीकडं केली. मी खाटेशेजारी बसलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते बोललोच नाही. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यापुढं काय बोलायचं, असं वाटलं.

भावजयीनं मला मागच्या खोलीत नेलं. ताडपत्रीखाली इंजिन होतं. विजेची मोटर आल्यापासून पंपाला त्याचं काम नव्हतं. पण गंजाचा ठिपका नाही, हाताला ताजं तेल लागलं.

"जाम व्हईल म्हणून हातानं फिरवून ठेवायचे," ती म्हणाली. "न्या आता. तुमाला मागाया नगं आन् त्यांस्नी द्याया नगं. मीच देते."

मान खाली घालून मी टेम्पो बोलावला.

इंजिन बसलं. भाच्यानं चावी फिरवली आणि शेडातल्या पत्र्याला तोच जुना हादरा बसला. बायकोनं गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला. मी कोपऱ्यात उभा होतो. इंजिन आलं, पण ते घेऊन तो आला नव्हता.

लांबडी आम्ही दौंडला नेली, भाचा चालवत, मी शेजारी. भावाच्या दारात उभी केली. इंजिन चालूच ठेवलं, त्याच्या कानावर पडावं म्हणून. आम्ही दोघांनी भावाला उचलून आणलं आणि त्याच्या जागेवर बसवलं. मी फिरून माझ्या जागेवर बसलो. दार लावलं.

उजवा हात मांडीवर पडून होता. डावा त्यानं उचलला. ह्या गाडीचा गिअर स्टेअरिंगलाच, डाव्या अंगाला. दांडी धरली, जरा वेळ धरूनच ठेवली. त्याच्याकडं न बघता मी म्हणालो, "इंजिन मागाया आलोय रं."

त्यानं दांडी सोडली. मग हात खाली नेला. असलं जुनं डिझेलचं इंजिन चावीनं बंद होत नाही, डॅशबोर्डाखालची तार ओढावी लागते. त्यानं न बघता तार ओढली. इंजिन थांबलं. मग चावी काढली आणि मुठीत धरली.

खिडकीशी वाकून भाचा म्हणाला, "मामा, चावी द्या. निघायचंय." भाच्यानं मूठ उघडायला बघितलं. मूठ घट्ट होती.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो.

राग होता, का गाडी हवी होती, का मी जाऊ नये असं होतं, ते सांगायला त्याच्याकडं शब्द नाहीत. आणि मी विचारायला उशीर केला.

येताना एसटीनं आलो. लांबडी दौंडला त्याच्या दारात आहे. शेडात चार दगड तसेच आहेत. बायको रोज म्हणते, ते तरी काढा, झाडताना आडवं येतं. मी अजून काढले नाहीत.