दुपारच्या झोपेचं घर

बार्शीहून पहाटेची एसटी पकडली तेव्हाच ठरवलं होतं, दत्तूच्या घराची भिंत आहे त्या आखणीवर उठू द्यायची नाही. दत्तू माझा धाकटा भाऊ. चाकणच्या कंपनीत कायम थर्ड शिफ्टला (रात्रपाळीला) असतो आणि दिवसा पत्र्याच्या खोलीत झोपतो, म्हणजे नुसता तळमळतो. गेल्या महिन्यात मशीनवर डुलकी लागली, बोटं थोडक्यात वाचली. तेव्हापासून माझ्याही डोळ्याला डोळा लागत नव्हता.

चाकणला आधी प्लॉट पाहिला. चुन्याची आखणी झालेली, सोमवारपासून पायाचं खोदकाम. झोपायची खोली, त्याने फोनवर सांगितली तशीच, नेमकी पश्चिमेला.

"दुपारभर ऊन खाणार ही भिंत."

"एसी लावू की, आक्का."

"आणि लाइट गेली की?"

त्याच्याच शिफ्टमधल्या इम्रानचं रहाटणीतलं घर गार असतं, हे तोच मागे फोनवर बोलला होता. मी हट्ट धरला, आत्ताच बघायला जायचं.

बसमध्ये दत्तू दांड्याला धरून पेंगत राहिला, मी उंच इमारती बघत बसले आणि स्टॉप चुकला. काळेवाडीहून उन्हात मागे चालत आलो. रस्त्याकडेला एसीचे डबे गरम वाफ अंगावर सोडत होते. घर गार करायला गल्ली तापवायची, ही तऱ्हा मला काही पटली नाही.

दारात इम्रानचे वडील सलीमभाई होते, गॅरेजवाले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू, ताई. पोरगं झोपलंय."

दुपारचे दोन वाजले होते आणि आत फक्त पंखा चालू होता. झोपायची खोली पूर्वेला, पश्चिमेला जिना आणि मोरी, बाहेरून घोसाळ्याचा वेल.

"विटा उभ्या लावल्यात, मधी पोकळ," सलीमभाई दबक्या आवाजात म्हणाले. "मधली हवा उष्णता आत येऊ देत न्हाई. विटाबी कमी लागल्या."

"पोकळ भिंत टिकती का पण?" दत्तू.

"धा वर्षं झाली, राव. हाय तशी हाय."

सलीमभाईंच्या पत्नी शबानाभाभींनी दालचा (डाळ-दुधीची आमटी) आणि भात वाढला. दत्तू जेवून भिंतीला टेकला, "पाचच मिनिटं" म्हणाला आणि घोरायला लागला. बाहेर येऊन मी मिस्त्रीला फोन लावला.

"खोली पूर्वेला घ्या आणि भिंत पोकळ."

"मालक काय म्हणतात?"

"मालक झोपलेत."

पाच वाजता दत्तू उठला. बराच वेळ भिंतीवर हात ठेवून बसला. मग म्हणाला, "मिस्त्रीला सांगायला पाहिजे, आक्का."

"सांगितलंय."

बार्शीला परतल्यावर शेजारणीने विचारलं, एवढ्या मोठ्या शहरात काय काय पाहिलं. मी म्हटलं, भावाला झोपलेलं पाहिलं.