चार अंशांवर थांबलेला आकडा

आईला कुत्रं चावलं त्याच्या आदल्या दिवशी दुपारी भोरमधल्या एका फ्रिजचं तापमान वाचायचं बंद पडलं, आणि ते बंद पाडलं मी. मुद्दाम नव्हे. पण 'मुद्दाम नव्हे' हे शब्द वर्षभर स्वतःला ऐकवून मला त्यांचाच संताप येतो, म्हणून जे झालं ते सरळ सांगते.

भोरमधल्या एका खासगी दवाखान्यातले कॉम्प्युटर मी सांभाळते. जिन्याखालच्या खोलीत एक सर्व्हर आहे आणि त्या सर्व्हरवर एक राखणदार आहे. राखणदार म्हणजे माणूस नव्हे, प्रोग्राम. दर पाच मिनिटांनी तो सगळीकडे डोकावून येतो. डिस्क भरत आली का, इन्व्हर्टरची बॅटरी उतरली का, लशींच्या फ्रिजमध्ये किती अंश आहेत. काही बिनसलं की माझ्या मोबाईलवर कोकलतो, एरवी गप्प असतो. चार वर्षं तो बिनबोभाट चालला होता आणि मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मग कुठल्याशा दुसऱ्या गावातल्या दवाखान्यात बाहेरून कुणीतरी शिरल्याचं कानावर आलं. सगळ्या फायली कुलूपबंद करून टाकल्या म्हणे, आणि शिरायला वाट मिळाली ती असल्याच एका राखणदारातून. खरंच आहे. ज्याला सगळ्या खोल्यांत जायची मुभा, तोच फितवला की पुढं कुणाला अडवणार? मी घाबरले, आणि घाबरले की मला आधी राग येतो. त्या बिचाऱ्या प्रोग्रामलाच मी मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि त्याला कुंपण घालायचं ठरवलं.

कुंपण म्हणजे नियमांची यादी. या प्रोग्रामनं अमुक फायली वाचाव्यात, तमुक उपकरणाला हात लावावा, बस. यादीत नसेल ते त्याला मिळत नाही. त्याच्याकडे घरमालकाचे हक्क असले तरी मिळत नाही, कारण यंत्रणेचा गाभाच मध्ये हात आडवा घालतो. ही यादी डोक्यातून काढायची नसते. आधी काही दिवस प्रोग्रामला मोकळं सोडायचं आणि गाभ्याला सांगायचं, अडवू नकोस, नुसतं टिपून ठेव. तो कुठंकुठं जातो ते कळलं की तेवढ्याच जागांची परवानगी लिहायची आणि मग फाटक लावून घ्यायचं.

हे टिपण घ्यायला मी गणपतीचे दिवस निवडले. आमच्याकडे ती रीतच आहे. गणपतीत दवाखाना ओस असतो, अगदीच अडल्याशिवाय कुणी येत नाही, म्हणून रंगकाम, वायरिंग, सर्व्हरची उलथापालथ, सगळं आम्ही त्या दहा दिवसांत उरकून घेतो. आणि तिथंच मी फसले. भोर-वेल्ह्याकडं पावसाळाभर लाईटचा भरवसा नसतो, दिवसातून दोनदा तरी जाते. गणपतीत मात्र जात नाही. आरास असते, आरत्या असतात, लाईट गेली तर लोक घरी बसून राहणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही लहानपणापासून ठाऊक आहे. पण माझ्या टिपणात एकदाही लाईट गेली नाही, हे काही माझ्या टाळक्यात आलं नाही.

वर माझा स्वभाव नडला. तो राखणदार नको तिथं नाक खुपसायचा, भलत्याच उपकरणांची दारं ठोठावायचा, आणि दर वेळी तक्रारीची एक ओळ उमटायची. हजारो ओळी. तीन दिवस त्या वाचून डोकं भणभणलं तेव्हा मी एक नियम लिहिला. यादीबाहेरच्या कुठल्याही उपकरणाला हात लावलास तर अडवायचं, पण त्याची नोंद करायची नाही. थोडक्यात, गप्प बस. नोंदवही एकदम स्वच्छ झाली. मला इतकं बरं वाटलं की मी चहा करून प्याले.

विसर्जन झालं, मी फाटक लावलं, आणि सोमवारी दुपारी लाईट गेली. अर्ध्या तासानं आली. फ्रिजमधला तापमान मोजणारा सेन्सर तारेनं सर्व्हरला जोडलेला होता. लाईट गेली-आली की तो क्षणभर बंद पडून पुन्हा उठतो, आणि उठताना कधी कधी वेगळं नाव घेऊन उठतो. पहिल्या नावाला माझी परवानगी होती, दुसऱ्या नावाला नव्हती. गाभ्यानं राखणदाराला अडवलं आणि माझ्या हुकमाप्रमाणे कुठं नोंद केली नाही. नवा आकडा मिळेना, तेव्हा पडद्यावर जुनाच राहिला. चार अंश, हिरव्या रंगात. लाईट येताना त्याच झटक्यात फ्रिजचा स्टॅबिलायझरही बिघडला होता आणि फ्रिज कधी चालू, कधी बंद असा चालला होता. यातलं काहीच मला तेव्हा माहीत नव्हतं.

मंगळवारी सकाळी आईला कुत्रं चावलं. आई गुंजवण्याला राहते, राजगडाच्या पायथ्याशी, भाताचं रान आहे आमचं. गवताचा भारा घेऊन येताना मागून येऊन पोटरी धरली. जखम खोल होती. सरकारी दवाखाना जवळ होता, तिथं लस मिळाली असती. पण आई दोन एसट्या बदलून भोरला आली.

"आमची पोरगी हाय की त्या दवाखान्यात," ती सिस्टरना सांगत होती, "मग दुसरीकडं कशापायी जायचं?"

सिस्टरनी जखम धुतली, जखमेभोवती एक इंजेक्शन दिलं, दंडात लस दिली. दोन्ही त्याच फ्रिजमधली. आणि मी काय केलं, तर आईला हाताला धरून पडद्यासमोर नेलं. म्हटलं, "बघ आये, चार अंश. तुझं इंजेक्शन कसं थंडगार ठेवलंय. आठच्या वर गेलं तर मला फोन येतो."

"चार व्हय? लई ब्येस," आई म्हणाली. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं, पण लेकीचं कौतुक तिच्या डोळ्यांत मावत नव्हतं.

शुक्रवारी ती दुसरी लस घेऊन गेली. शनिवारी सकाळी सिस्टरांचा फोन आला. "ताई, फ्रिजमधल्या बर्फाच्या पिशव्यांचं पार पाणी झालंय. आतला काटा अठरावर आहे. तुमचा पडदा तर चार दाखवतोय." रोज दोनदा वहीत तापमान लिहायचं असतं, ते त्या माझ्या पडद्यावरूनच उतरवत होत्या. त्यांना कशाला बोल लावू? पडद्यावर विश्वास ठेवा, आतला काटा जुना आहे, असं मीच त्यांना सांगितलं होतं.

गप्प बसण्याचा तो नियम मी काढून टाकला. राखणदाराच्या पुढच्याच फेरीला ओळी धडाधड उमटू लागल्या. नाकारलं, नाकारलं, नाकारलं. शेवटचा खरा आकडा सोमवारी दुपारचा होता. त्यानंतर फ्रिज किती तास गरम होता, हे जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं. जिन्याखालच्या त्या खोलीत मी खाली फरशीवरच बसले.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे वही मागवली, सोमवारनंतर ज्यांना ज्यांना त्या फ्रिजमधलं काही दिलं होतं त्या सगळ्यांना परत बोलवायला सांगितलं, आणि मग मला म्हणाले, "आईंचंही पहिल्यापासून सुरू करू. ताजी लस दुपारपर्यंत येईल."

"म्हणजे मग धोका नाही ना?"

"पहिली लस चांगली असेलही, वाया गेली असेलही. वाया गेली असेल तर आपले चार दिवस गेले. बहुतेक काही होणार नाही. पण रेबीज झाला की उपाय नाही, त्यामुळं मी 'बहुतेक'च म्हणणार. ते कुत्रं शोधा. चावल्यापासून दहा दिवस ते धडधाकट राहिलं, तर ते पिसाळलेलं नव्हतं, विषय मिटला."

आईला मी खरं सांगितलं नाही. म्हटलं, नवीन लस आलीय, जास्त चांगली आहे, ती पुन्हा घ्यायची. तिनं दंड पुढं केला.

रविवारी मी गुंजवण्यात कुत्रं शोधत फिरले. तपकिरी, शेपूट तुटलेलं, कुणाच्या मालकीचं नाही. आमच्याकडची कुत्री गड चढायला येणाऱ्या पोरांच्या मागं बिस्किटासाठी जातात. गुंजवण्याकडून चढतात, पलीकडच्या पाली गावात उतरतात, आणि पुढच्या कुठल्यातरी टोळक्याबरोबर परत येतात. शेजारचे काका म्हणाले, "त्ये व्हय? बिस्तरवारी गेलं की पोरांसंगं वर. येतंय की माघारी." मी गाडी काढून वळसा घालून पालीला गेले. तिथल्या हॉटेलात एकजण म्हणाला, परवा दिसलं होतं. दुसरा म्हणाला, ते न्हवं, ते काळं व्हतं. चार वेळा गेले मी. गडावरही जाऊन आले. दहावा दिवस उलटला तरी ते कुत्रं जिवंत आहे की कुठं दरीत मरून पडलंय, हे काही कळलं नाही. एका भटक्या कुत्र्यासाठी मी कधी नवस बोलेन असं मला वाटलं नव्हतं, पण बोलले.

दवाखान्यात मी सगळं नव्यानं केलं. या खेपेला टिपण घेताना मेन स्विच स्वतःच्या हातानं पाडला, दहा वेळा पाडला, सिस्टर वैतागल्या तरी पाडला. आकडा जुना झाला की आता पडदा लाल होतो. सगळे म्हणतात, चांगलं काम केलंस. मला ते कौतुक ऐकवत नाही.

कारण मधल्या काळात मी त्या आजाराबद्दल वाचायला नको ते सगळं वाचून बसले होते. तो महिन्यांनी येऊ शकतो. आणि आला की पाणी गिळता येत नाही, पेला ओठाशी आणला तरी घसा आवळतो. तेव्हापासून मी आईला रोज सकाळी सात वाजता फोन करायला लागले. म्हणायचे, "आये, तू पाणी कमी पितेस, म्हणून पायात गोळे येतात. आधी माझ्यासमोर पेलाभर पी, मग बोलू." पलीकडून पेला हंड्याला लागल्याचा आवाज यायचा, मग घट घट, मग आई म्हणायची, "प्याले बग. आता बोल." तेवढं ऐकलं की मी कामाला लागायचे. दिवाळी गेली, भाताची झोडणी झाली, संक्रांत गेली. एकही सकाळ मी चुकवली नाही.

शिमग्याच्या आधी एकदा वेल्ह्याला काम निघालं. पहाटेच निघाले होते, म्हटलं वाटेत आईकडं डोकावू. सात वाजता मी तिच्या अंगणात होते. गंमत म्हणून आत न जाता तिथूनच फोन लावला. दार उघडंच होतं आणि ती मला पाठमोरी दिसत होती. मी नेहमीचं बोलले. तिनं रिकामा पेला उचलला, हंड्यावर टक्कन आपटला, आणि तोंडानं घट घट असा आवाज काढला. "प्याले बग," म्हणाली.

माझ्या हातून मोबाईल पडला. त्या आवाजानं ती वळली.

"आये, पेला रिकामा आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "कधीपासून? पाणी उतरत नाही का घशाखाली?"

"उतरतंय की." ती खाली बघत होती. "तुजा फोन ठिवला की पिते. एकटी असतीया तवा."

"मग माझ्यासमोर का नाही?"

"मला म्हायती हाय समदं," आई म्हणाली. "गावातली दोघं बी परत सुया घ्यायला गेली व्हती. ती बोलल्याबिगर ऱ्हात्यात व्हय? पयल्या दिसापासनं म्हायती हाय. तू फोनवर कान लावून बसतीस. येखाद्या सकाळी अडकलंच पाणी, तर तुला त्ये ऐकू जायाला नगं, म्हून मी नुसता आवाज करते. न्हाई ग तुला सोसायचं."

मला रडू यायला हवं होतं, पण भीतीनं तेही आलं नाही. मी पेला भरला आणि तिच्या हातात दिला. तिनं पेला ओठाला लावला, एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि तिला ठसका लागला. आम्ही दोघी जागच्या जागी थिजलो. ती खोकली, पदरानं तोंड पुसलं, आणि माझ्याकडं बघत उरलेलं पाणी सावकाश, शेवटपर्यंत प्यायली.

मग तिनं तोच पेला पुन्हा भरला आणि माझ्यापुढं धरला. "तू बी पी आता. तोंड वाळलंय तुजं."

मी घोट घेतला. तो तोंडातच राहिला, काही केल्या गिळता येईना, आणि आई माझ्या गळ्याकडं बघत होती.