तेल लावलेलं डोकं

मेंदूतल्या लहरी टिपणारी टोपी तेलकट केसांवर नीट काम करत नाही. म्हणून प्रयोगासाठी येणाऱ्या प्रत्येकाला मी आदल्या दिवशी फोन करून बजावते, तेल लावू नका. विद्यापीठातली ही प्रयोगशाळा सांभाळायची म्हणजे मेंदू राहतो बाजूला, लोकांची डोकी सांभाळण्यातच दिवस सरतो.

आजच्या काकू तरीही चपचपीत तेल लावून आल्या. "अगं, मेंदूचं काम म्हटल्यावर डोकं कोरडं कसं ठेवायचं?"

मी त्यांना बेसिनवर वाकवलं आणि शाम्पू ओतला. मशीनसाठी राखलेली वेळ निसटत होती, पाठ दुखत होती, बोटं चिडून चालत होती. काकू मात्र डोळे मिटून हळूच म्हणाल्या, "सावकाश चोळ गं. माझं डोकं दुसऱ्या कुणी धुतल्याला किती वर्षं झाली!"

बोटं आपोआप मंदावली.

संध्याकाळी लहरी टिपायला टोपीत भरलेलं जेल ब्रशने घासून काढलं, ती वाळत घातली, तरी हाताला खोबरेलाचा वास होताच. उद्याच्या लोकांना बजावायला फोन हातात घेतला आणि आधी आईला केला.

"रविवारी येते गं. तेल कोमट करून ठेव."